शिबिरात आधी चपला काढायला लावा

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्य शिबिराची बातमी आली, फोटोसकट. बीपी पाहिला, शुगर पाहिली, डोळे तपासले, टोंगळ्याचे म्हणजे गुडघ्याचे एक्सरे लिहून दिले, काठ्या वाटल्या, सगळं चांगलंच झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तो फोटो जरा निरखून पाहा. रांगेनं खुर्च्यांवर बसलेली सगळी म्हातारी माणसं, अन् सगळ्यांच्या पायात चपला जशाच्या तशा. एकाचाही पाय कोणी उघडा करून पाहिला नसेल हे मी पैजेवर सांगतो, कारण शिबिरातून परत येताना त्यातलेच कितीतरी जण माझ्या दुकानावर थांबले अन् "पाय दुखते गा, एखादी गोळी दे" म्हणून गोळी घेऊन गेले.

माझं मेडिकल आहे, हिंगणघाट तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात. कापूस, तूर, सोयाबीन करणारी माणसं, वय झालं तरी वावरात जाणं सुटत नाही अन् जाणंयेणं पायीच. कोणाची टाच ठणकते, कोणाचं नख रुतलं, कोणाच्या तळव्याची आग होते, कोणाच्या पोटरीत गोळे येतात, कोणाच्या अंगठ्याच्या बुडाशी हाड निघून आलं, कोणाचा अंगठा युरिक ॲसिडनं लालबुंद होऊन सुजला, पण काउंटरवर सगळे मागतात ती गोळी एकच. एका पावलात २६ हाडं असतात, त्यातलं नेमकं काय बिघडलं हे पाय न पाहता कसं कळावं, अन् दाखवायला कोणी तयार नसते. एक आजी तर मला म्हणाल्या, "असे भेगाळलेले मळके पाय डॉक्टरले कसे दाखवू रे बाबू?" डॉक्टरकडे गर्दी इतकी की तेही टेबलाच्या पलीकडूनच विचारतात अन् डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी लिहून मोकळे होतात. ती गोळी दोन-चार दिवस घेतली तर ठीक आहे, पण सत्तरीतला माणूस बीपीच्या गोळ्यांसोबत रोजच्या रोज घेत राहिला तर पोटात अल्सर होतो, बीपी चढतो अन् किडनी हळूहळू कामातून जाते, आणि ज्या टाचेसाठी घेतली ती टाच तशीच राहते.

टाचेचंच पाहा. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ निघते, चार पावलं चाललं की कमी होते, परत बसून उठलं की परत तेच. हे तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं दुखणं आहे, त्यात वयासोबत टाचेखालची चरबीची गादी पातळ होत जाते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला हाडच जमिनीवर टेकल्यासारखं वाटते. आमच्याकडे हे अलीकडं फार वाढलं असं माझं आपलं निरीक्षण आहे अन् त्याचं एक कारण मला फरशी वाटते. आधी घरात सारवलेली जमीन होती, आता घरकुल झालं, टाइल्स बसल्या, अन् आजी दिवसभर त्या कडक गार फरशीवर अनवाणी, कारण घरात चप्पल घालायची नाही, देवघर आहे, चूल आहे. म्हणून मी सांगत असतो, घरातली एक वेगळी चप्पल घ्या, जाड मऊ तळाची, मागं पट्टा असलेली, ती अंगणातही न्यायची नाही, देवाला काही राग येत नाही. सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी तळव्याला दुपट्टा लावून पंजा स्वतःकडे ओढायचा, थोडा वेळ धरायचा, सोडायचा, असं बऱ्याचदा. बहुतेकांची टाच अशीच बरी होते, पण महिने लागतात, आठवड्यात होत नाही, अन् लोकांना पाहिजे इंजेक्शन.

नखांची तर अजून निराळी कथा आहे. वय झालं की पायाची नखं जाड होतात, पिवळी पडतात, माणसाला वाकता येत नाही, नीट दिसत नाही, अन् सुनेला सांगायची लाज वाटते. पूर्वी गावात न्हावी घरी यायचा तो दाढी झाली की नराणीनं हातापायाची नखंही काढून द्यायचा, ओट्यावर बसून, निवांत. आता सलून झाले, फिरती खुर्ची आली, मोठे आरसे आले, पायाची नखं कोण काढते तिथं? मग आबाजी आंघोळीनंतर स्वतःच ब्लेड घेऊन बसतात, कोपऱ्यात खोल कापतात, नख मांसात रुतते, नखुरडं होते, पू होतो. नख सरळ कापायचं असते, कोपरे गोल करायचे नसतात, अन् ते आंघोळीनंतर नरम झाल्यावर, उजेडात, घरातल्या कोणीतरी कापून द्यायचं, नातवानं मोबाईल बाजूला ठेवला तर पाच मिनिटांचं काम आहे. बायांचं आणखी एक असते, जोडव्याचं. लग्नातली जोडवी, आता बोट सुजलेलं, सांधा वाकडा झालेला, जोडवं निघत नाही अन् खाली कातडी ओली राहून राहून सडते. वर कुंकवाचा मान, म्हणून कोणी काढायचं नाव काढत नाही. सोनार ते कापून मोठं करून देतो हो, मान जात नाही अन् बोटही जात नाही.

आता खरं जे सांगायचं ते शुगरवाल्यांबद्दल. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात देशात शुगरचे पेशंट १० कोटींच्या वर निघाले, अन् हा रोग आता फक्त शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा राहिलेला नाही, माझ्या दुकानातून शुगरची गोळी मेटफॉर्मिन नेणारे अर्धेअधिक लोक वावरात राबणारे आहेत. शुगर बरीच वर्षं राहिली की पायाच्या नसा खराब होतात. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्याची आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही, तोवर माणूस बोंबलतो तरी. त्यानंतर आग थांबते अन् माणसाला वाटते बरं झालं. बरं काही झालेलं नसते, पाय सुन्न झालेला असतो. इथून पुढं धोका, कारण दुखणं नाही म्हणजे गोळी मागायलाही कोणी येत नाही. (मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ ही कमी होऊ शकते, मुंग्या त्यानंही येतात, म्हणून ते एकदा तपासून घ्यायला डॉक्टरला सांगावं, स्वतःच्या मनानं ताकदीच्या गोळ्या खात बसू नये.)

कापूस वेचाईच्या दिवसातली गोष्ट आहे. एक आबाजी दुकानावर आले, ताप उतरायची गोळी पाहिजे म्हणाले, पाय जरा जड वाटून राहिला म्हणाले. शुगरचे जुने पेशंट, शुगर वेळच्या वेळी तपासणारा माणूस, वही सोबत. ओट्यावर बसले, पायातली स्लीपर निसटून उलटी पडली अन् मला तिच्या तळात बाभळीच्या काट्याचं मोडलेलं बुड दिसलं. स्लीपर हातात घेऊन पाहिली तर काटा आरपार, आतल्या बाजूनं नखाएवढं टोक वर आलेलं, त्याच्याभोवती रबर काळं-ओलं झालेलं. तळवा पाहिला तर बरोबर त्याच जागी भोक, कडेची कातडी पांढरी मऊ पडलेली, दाबलं तर घाण पाणी आलं. काटा कधी भरला त्यांना पत्ता नव्हता, त्याच स्लीपरवर ते रोज वावरात जाऊन येत होते. मी म्हटलं, "आबाजी, दुखलं नाही का हो?" तर माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच येडा आहे. "दुखलं असतं तं काढला नसता काय?"

त्यांना तसंच ऑटोत घालून मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुढं एक बोट काढावं लागलं, पाय वाचला. दर महिन्याची शुगर वहीत लिहिलेली होती, अगदी व्यवस्थित, अन् तेवढ्या साऱ्या भेटींत कोणी एकदाही चप्पल काढा म्हटलं नव्हतं.

आपल्याकडचे घरगुती उपाय इथं अजून घात करतात. काटा रुतला, कुरूप झालं, भेग पडली की बिब्ब्याचा चटका. टाच दुखली की रुईचं पान बांधून तापल्या विटेवर पाय. ज्याला चटका कळते तो वेळेवर पाय उचलते, सुन्न पायाला वीट किती तापली ते कळतच नाही, कातडी भाजून निघते अन् वास आल्यावर घरच्यांना समजते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, डांबरी रस्त्यावर अनवाणी चालणारी शुगरवाली माणसं फोड घेऊन येतात, काही नवस म्हणून, काही चप्पल तुटली म्हणून. नवरात्रात अमरावतीला अंबादेवीला अनवाणी जाणाऱ्यांत कितीतरी वयस्क असतात, त्यांच्या श्रद्धेला माझा हात जोडून नमस्कार आहे पण शुगर आहे अन् पाय सुन्न आहे त्यानं हा नवस बोलू नये, दुसरा बोलावा. अन् आमच्याच दुकानात मिळणारी ती कुरूपावरची पट्टी, कॉर्न कॅप, तिच्यात कातडी जाळणारं सॅलिसिलिक ॲसिड असते, शुगरवाल्यासाठी ती चांगली नाही हे पाकिटावर लिहिलेलं असते पण अक्षर इतकं बारीक की साठीच्या माणसाला कसं वाचता येईल. मी शुगर आहे का विचारल्याशिवाय देत नाही, गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे जाते, जाऊ द्या.

आता गंमत पाहा, सुन्न पाय कसा सांभाळायचा हे शिकायला आपल्याला बाहेर कुठं जायचं कामच नाही. कुष्ठरोगातही हेच होते, नसा जातात, पाय सुन्न होतो, काटा-खिळा कळत नाही, जखमा होत राहतात. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरुग्णांच्या सेवेचं काम चालू आहे, अमरावतीला तपोवन आहे, वरोऱ्याला आनंदवन आहे. या कामात पिढ्यान् पिढ्या लोकांना हेच शिकवलं गेलं की रोज संध्याकाळी पाय स्वतः पाहायचा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा, पाण्यात भिजवून तेल लावायचं, जाड झालेली कातडी हळूच घासायची, चप्पल घालायच्या आधी आत हात फिरवायचा. शुगरवाल्यानं फक्त फार वेळ भिजवू नये, गरम पाणी तर अजिबात नको, धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या अन् तिथं तेल लावायचं नाही, नाहीतर चिखल्या होतात. चपलेत हात फिरवायचं तर सगळ्यांनीच करावं, आपल्याकडे विंचवाचाही भरोसा नाही.

अन् चप्पल. कुष्ठरोग कार्यक्रमात सुन्न पायाच्या माणसाला सरकार एक चप्पल फुकट देते, एमसीआर म्हणतात, मायक्रोसेल्युलर रबरची. आतून मऊ, म्हणजे वजन एका जागी दाबत नाही, बाहेरचा तळ कडक, म्हणजे काटा आरपार येत नाही, खिळा कुठंच नाही, मागून पट्टा, म्हणजे धरून ठेवायला बोटं आवळावी लागत नाहीत. आबाजींच्या पायात ती असती तर बोट गेलं नसतं. पण शुगरवाल्याला ती कोणत्या खिडकीवर मागायची? कुष्ठरोग विभाग म्हणते तुमचा हा रोग नाही, दुसरीकडे कुठं तशी सोय असल्याचं मला माहीत नाही, बाजारात "डायबेटिक" लिहिलेली चप्पल पाहिली तर तिची किंमत ऐकून म्हातारा माणूस तिथूनच मागं फिरते अन् तीच पातळ हवाई स्लीपर घेते, बंद तुटला तर तार लावून वापरते. हेही खरं आहे की एमसीआर पाहून एक-दोघांनी माझ्यासमोर तोंड फिरवलं, "ते त्या रोगाची चप्पल आहे, लोक काय म्हणतीन" म्हणाले. त्यावर उपाय आहे ना, रंग बदला, पट्टे बदला, रबर तेच ठेवा.

राज्य सरकारची मुख्यमंत्री वयोश्री योजना आली २०२४ मध्ये, ६५ वर्षांवरच्यांना खात्यात ३००० रुपये, वस्तू घ्यायला. चांगली योजना आहे, आमच्या गावातल्याही काहींना मिळाले. पण जाहिरातीत जी यादी छापली ती पाहा, चष्मा आहे, श्रवणयंत्र आहे, ट्रायपॉड काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, टोंगळ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा. मानेपासून टोंगळ्यापर्यंत सगळं आलं अन् खाली येऊन यादी थांबली. चप्पल नाही. आता ज्याचा पाय दुखते तो पाऊल वाकडं टाकते, वाकडं टाकते म्हणून पडते, पडते म्हणून खुब्याचं हाड मोडते, अन् मग त्याला वॉकर, तो यादीत आहे.

आरोग्य खात्याकडे कागद नाही असंही नाही. आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो फॉर्म भरते त्यात हातापायाला मुंग्या येतात का, बधिरपणा आहे का, असे प्रश्न आहेत, साठीवरच्यांना चालताना तोल जातो का हेही विचारायचं असते. म्हणजे प्रश्न विचारून झाला, उत्तर लिहून झालं, आता पुढं त्या पायाकडे कोण पाहते? ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी वेगळी ओपीडी धरलेली आहे. त्याच दिवशी एक नर्स, एक स्टूल अन् एक मोनोफिलामेंट, एवढंच लागते. मोनोफिलामेंट म्हणजे काय तर दांडीला लावलेला नायलॉनचा तंतू, १० ग्रॅमचा दाब झाला की वाकतो. पेशंटनं डोळे मिटायचे, तळव्याला तंतू टेकवून वाकेपर्यंत दाबायचा अन् कळलं का विचारायचं. नाही कळलं तर हा पाय धोक्याचा. मग पावलावर अन् घोट्यामागं नाडी लागते का पाहायचं, बीडी-तंबाखूवाल्यांची तर नक्कीच, कारण त्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, चालताना पोटरी भरून येते अन् थांबलं की बरं वाटते ही त्याचीच खूण. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

सुजेबद्दलही थोडक्यात सांगतो कारण त्यावरही लोक मनानंच लघवीची गोळी मागतात. दोन्ही पाय सुजले तर हृदय, किडनी, लिव्हर पाहावं लागते, पण बीपीची ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांचे घोटे त्या गोळीनंच सुजू शकतात, तेव्हा गोळी बंद न करता डॉक्टरला विचारा. एकच पाय अचानक सुजला, गरम झाला, पोटरी दुखायला लागली तर त्याच दिवशी दवाखाना, गुठळी असू शकते. अन् आपल्या जिल्ह्यात हत्तीपायाचे जुने पेशंट आहेतच, डासानं होणारा रोग आहे, मोहिमेच्या गोळ्या वाटायला येतात तेव्हा लोक हातात घेतात अन् नंतर फेकून देतात, तसं करू नका, समोरच खा. शुगरवाल्याच्या पायाला कसलीही जखम, फोड, काळा डाग, वास, लाली दिसली तर उद्यावर टाकायचं नाही, हळद नाही, बिब्बा नाही, त्याच दिवशी निघायचं. ७५ च्या वरच्यांना एसटी फुकट आहे, ६५ च्या वरच्यांना अर्धं तिकीट, फक्त पहिली पायरी उंच असते तेवढा कोणीतरी हात द्या.

तुम्हाला विनंती इतकीच की पुढच्या शिबिराची बातमी छापताना तुमच्या बातमीदारानं एक प्रश्न विचारावा, किती जणांचे पाय पाहिले. अन् हे पत्र जिल्हा आरोग्य अधिकारी वाचत असतील तर सांगतो, आमच्याकडे शुक्रवारी बाजार भरतो, आजूबाजूच्या खेड्यांतली सगळी म्हातारी माणसं त्या दिवशी गावात असतात अन् निम्मी माझ्या ओट्यावर टेकतात. एक नर्स पाठवा, स्टूल माझ्याकडे आहे, बादली, साबण अन् टॉवेलही मी देतो. मोनोफिलामेंट तेवढा तुम्ही आणा.

आपला वाचक,
एक मेडिकलवाला
ता. हिंगणघाट, जि. वर्धा